एकाच गायिकेचं गाणं आयुष्यभर कसं ऐकावं

एखाद्या पॉप गायकाचं किंवा गायिकेचं वेड लागलंय आणि ते विशीबरोबर ओसरू नये असं ज्यांना मनापासून वाटतं, त्यांच्यासाठी हे लिहितेय. उदाहरणं बहुतेक ब्रिटिश गायिका केट बुशचीच येतील, कारण शाळेपासून आजपर्यंत मी जिला धरून राहिले ती तीच. तुमचं माणूस दुसरं कुणी असलं तरी बिघडत नाही, रीत तीच राहते.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. ज्या आवाजावर तुमचा जीव जडलाय तो आवाज तसाच राहणार नाही. एकोणिसाव्या वर्षी माणूस गातो तसं पन्नाशीत गात नाही. गळा खाली उतरतो, वरचे सूर पूर्वीसारखे सहज लागत नाहीत, मधल्या सुरांना भरीवपणा येतो, लय संथ होते. हा बदल ज्याला सोसत नाही तो पहिल्या दोन-तीन अल्बमपाशीच थांबतो, आणि पुढे चारचौघांत ‘पूर्वीचं काही औरच होतं’ एवढंच बोलत राहतो. मला हे फार जवळून माहीत आहे. माझ्याबरोबर ऐकायला लागलेल्या कितीतरी जणांचं असंच झालं. म्हणून गायिकेच्या गळ्याबरोबर आपला कानही पुढे नेत राहणं हेच फॅनचं खरं काम मानते मी. खालचं सगळं त्याच कामासाठी आहे.

अल्बम अख्खा ऐका, आणि बाजू धरून ऐका

सुटी गाणी ऐकून प्रेम जडतं, पण टिकायचं असेल तर अल्बमकडे वळावंच लागतं. आणि अल्बम ज्या काळात निघाला त्या काळाच्या मापानं तो ऐकावा लागतो.

1985 चा ‘हाउंड्स ऑफ लव’ घ्या. एलपीच्या पहिल्या बाजूला पाच स्वतंत्र गाणी आहेत. दुसऱ्या बाजूला सात गाणी आहेत, पण ती मिळून एकच गोष्ट सांगतात: रात्री समुद्रात एकटी पडलेली एक बाई, झोप लागू नये म्हणून तिची चाललेली धडपड, तिला होणारे भास, आणि शेवटी उजाडणं. एलपीच्या काळात पहिली बाजू संपली की उठून तबकडी उलटावी लागायची. त्या उठण्यातच ऐकणाऱ्याला कळायचं की आता वेगळं काहीतरी सुरू होतंय. आज फोनवर पाचवं गाणं संपल्या संपल्या सहावं सुरू होतं, आणि गोष्ट कधी सुरू झाली याचा पत्ताही लागत नाही.

तेव्हा जुना अल्बम ऐकायला घेण्याआधी मूळ एलपीवर पहिली बाजू कुठे संपत होती ते शोधून ठेवा. तिथे थांबा. उठा, पाणी प्या, दोन मिनिटं शांत बसा, मग दुसरी बाजू लावा. गाण्यांची सरमिसळ करणारं शफलचं बटण अशा वेळी बंदच हवं. 2005 चा ‘एरियल’ दोन सीडींचा आहे, आणि त्याची दुसरी सीडी म्हणजे दुपारपासून दुसऱ्या पहाटेपर्यंतचा एक अखंड पट आहे. त्यात पक्ष्यांचे आवाज एका गाण्यातून दुसऱ्यात वाहत जातात. त्यातलं एखादंच गाणं उचलून प्लेलिस्टमध्ये टाकलं तर ते चांगलंच वाटेल, पण दिवस कलतोय हे त्यात ऐकू येणार नाही.

नवा अल्बम हाती आला की मी तो साधारण अशा क्रमानं ऐकते. पहिल्यांदा हातात काही नाही, डोळ्यांसमोर काही नाही, नुसतं ऐकणं. शब्द नीट कळले नाहीत तरी चालतील. दुसऱ्यांदा गाण्यांचे शब्द समोर ठेवून. त्यानंतर आवाजाकडे मुद्दाम दुर्लक्ष करून एखादंच वाद्य धरायचं आणि अल्बमभर त्याच्या मागे जायचं. बेस गिटार धरा, असं मी नव्या माणसाला नेहमी सांगते. गाणं कशावर उभं आहे ते बेसमध्ये कळतं. मात्र साध्या फोनच्या स्पीकरवर तो जवळजवळ ऐकूच येत नाही, त्यामुळे यासाठी बरे हेडफोन हवेत.

शेवट तोडू नका हेही आलंच. ‘वदरिंग हाइट्स’ या तिच्या पहिल्या सिंगलच्या, म्हणजे सुट्या काढलेल्या गाण्याच्या, अखेरीला इयन बेअर्नसन यांनी वाजवलेली गिटार आहे. गाणं हळूहळू मंद होत विरतं आणि तरी गिटार बोलतच असते. पुढचं गाणं लावायची घाई झालेला माणूस नेमका तिथेच हात घालतो. ती गिटार पूर्ण विरेपर्यंत ऐका. माझ्या मते त्या गाण्यातलं अर्धं दुःख तिथे आहे.

एकच गाणं, दोन वयांचे गळे

कान तयार करायला याच्याइतकी चांगली तालीम दुसरी नाही. तुमच्या गायिकेनं एखादं गाणं पुन्हा कधी रेकॉर्ड केलंय का ते शोधा. कार्यक्रमातली रेकॉर्डिंगं असतातच, पण स्टुडिओत पुन्हा गायलेलं सापडलं तर उत्तमच.

‘वदरिंग हाइट्स’ 1978 च्या जानेवारीत आलं. मार्चमध्ये ते ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं, आणि स्वतः लिहिलेलं गाणं तिथवर नेणारी ती पहिली बाई ठरली. वय एकोणीस. त्या रेकॉर्डिंगमधला आवाज अगदी वरच्या पट्टीत, बारीक, धारदार आहे. गाण्यातलं, खिडकीबाहेर उभं असलेलं भूत आत घ्यायला सांगतंय हे त्या आवाजावर विश्वास ठेवूनच पटतं. पुढे 1986 मध्ये निवडक गाण्यांचा संग्रह निघाला तेव्हा तिनं हेच गाणं नव्यानं गायलं. आता आठ वर्षं मध्ये गेलेली. दोन्ही एकापाठोपाठ लावा आणि फक्त ध्रुवपद ऐका. नव्या गाण्यात सूर तेच आहेत, पण ते घ्यायची तऱ्हा बदललीय. पहिल्यात ती सुराकडे झेप घेते, दुसऱ्यात सुरावर उभी राहते. शब्दांच्या शेवटी आवाज कसा सोडलाय तेही बघा. पहिल्यात तो तुटल्यासारखा सुटतो, दुसऱ्यात भरून येतो. मला पहिलं जास्त आवडतं, आजही. पण दुसरं ऐकल्यामुळेच पहिल्यात नेमकं काय आहे ते मला सांगता येतं.

याहून मोठी उडी हवी असेल तर 2011 चा ‘डायरेक्टर्स कट’ ऐका. 1989 आणि 1993 च्या अल्बममधली अकरा गाणी तिनं पन्नाशी ओलांडल्यावर पुन्हा बांधली. ‘धिस वुमन्स वर्क’ हे त्यातलं एक. 1989 मध्ये मुख्यतः पियानो आणि आवाज असं ते होतं, आणि कढ आल्यासारखं चढत जायचं. 2011 मध्ये तेच गाणं कितीतरी लांब झालंय, वाद्यं विरळ, मधल्या जागा मोकळ्या, आणि आवाज जवळजवळ बोलण्यापाशी आलेला. अल्बम आला तेव्हा ते माझ्या गळी उतरलं नाही. मी बाजूला ठेवलं. पुढे घरातल्या एका आजारपणात रात्री जागायची वेळ आली, तेव्हा जुनं गाणं ऐकवेना आणि हे नवं ऐकवलं. तेव्हापासून नवा अल्बम आवडला नाही तर मी त्यावर मत देत नाही, फडताळात ठेवते आणि वर्षभरानं काढते. तुम्हीही तसं करून बघा. आवडलंच पाहिजे असं नाही. एखादा अल्बम कायमचा नावडता राहिला तरी फॅनपणाला बाध येत नाही.

दोन आवृत्त्या ताडून बघताना एक तांत्रिक पथ्य पाळा: दोन्हींचा आवाज सारखा करून घ्या. जे थोडं मोठ्यानं वाजतं ते कानाला चांगलं वाटतं, हा कानाचा स्वभाव आहे. नव्या रीमास्टरमध्ये, म्हणजे जुन्या रेकॉर्डिंगवर नव्यानं काम करून काढलेल्या आवृत्तीत, अनेकदा सगळंच मोठं केलेलं असतं, हळू आणि जोरकस यांतलं अंतर कमी झालेलं असतं. पहिल्या मिनिटाला ‘वा, किती स्वच्छ’ असं वाटतं आणि अर्ध्या तासात कान थकतात. ‘जुनी सीडी बरी का नवं रीमास्टर’ या वादात उतरण्याआधी आवाजाची पातळी जुळवा, मग बोला. स्ट्रीमिंगवर तर जुन्या आवृत्तीच्या जागी नवीच ठेवलेली असू शकते. ज्या रेकॉर्डिंगवर तुमचं प्रेम आहे त्याची एखादी प्रत स्वतःकडे हवीच, ती याचसाठी.

नावं वाचा

अल्बमच्या आतल्या पानावर बारीक अक्षरांत कुणी काय वाजवलं, कुणी रेकॉर्ड केलं, कुठे केलं हे छापलेलं असतं. स्ट्रीमिंगवर ते दोन-तीन बटणं दाबून शोधावं लागतं, तरी शोधा. त्या नावांच्या वाटेनं गेलं की ऐकायला इतकं मिळतं की एका गायिकेवर प्रेम करताना आपलं जग लहान होतंय असं कधी वाटत नाही.

माझंच सांगते. केटच्या पहिल्या अल्बमच्या मागे पिंक फ्लॉइड या रॉक बँडचे डेव्हिड गिल्मर होते. ती शाळकरी असताना तिची गाणी रेकॉर्ड करायला त्यांनी मदत केली होती. तिथून मी पिंक फ्लॉइडकडे गेले. पीटर गेब्रिअल या इंग्लिश गायकाच्या 1980 च्या अल्बममध्ये मागे तिचा आवाज आहे, आणि 1986 मध्ये तिनं त्याच्याबरोबर एक युगुलगीत गायलं. म्हणून मी गेब्रिअल ऐकला. 1989 च्या अल्बममध्ये ट्रायो बुल्गार्का या बल्गेरियातल्या तीन गायिका आहेत. त्यांच्यामुळे मला बल्गेरियन लोकगायकी भेटली, दोन आवाज अगदी शेजारच्या सुरांवर घासत उभे राहतात ती. तो ठणका कळल्यावर मी परत केटकडे आले तर तिची जुनी गाणीही वेगळी ऐकू यायला लागली.

यासाठी एक वही करा. महागडी नको, सुबक तर मुळीच नको. अल्बमचं नाव, वर्ष, ओळखीचं वाटलेलं नाव, आणि काय ऐकू आलं ते एका ओळीत. ‘तिसऱ्या गाण्यात ड्रममध्ये झांज नाही’ इतकंही पुरतं. अनेक वर्षांनी तीच वही काढली की आपला कान तेव्हा कुठे होता ते समजतं.

वाट बघायची तयारी ठेवा

1993 नंतर केट बुशचा पुढचा अल्बम 2005 मध्ये आला. मध्ये बारा वर्षं. मुलाखती जवळजवळ नाहीत, स्वतःचे कार्यक्रम नाहीत. अशा काळात फॅनची परीक्षा असते, आणि बहुतेक जण अफवांच्या मागे लागून त्यात नापास होतात. आजारी आहे, गाणं सोडलंय, वेड लागलंय, काय वाटेल ते छापून यायचं. खरं एवढंच होतं की 1998 मध्ये तिला मुलगा झाला होता आणि ती त्याला वाढवत होती. जगाला ते कळायलाही दोनेक वर्षं लागली. तिनं ते सांगितलं नव्हतं, आणि सांगायची गरजही नव्हती.

इथे माझं मत ठाम आहे. गाणं आपलं, माणूस आपलं नाही. गायिकेचं घर शोधत जाऊ नका, तिच्या मुलाबाळांचे फोटो पुढे पाठवू नका, तिच्या लग्नाबद्दल, वजनाबद्दल, चेहऱ्याबद्दल जे चाललेलं असतं त्यात भर घालू नका. तुमच्या ग्रुपमध्ये असं सुरू झालं तर स्पष्ट बोला किंवा बाहेर पडा. ज्या माणसाला शांतपणे जगू दिलं जातं त्याच्याकडून पुढचं गाणं येण्याची शक्यता असते. 2011 च्या शेवटच्या महिन्यांत आलेल्या अल्बममध्ये त्या मुलाचा कोवळा आवाज पहिल्याच गाण्यात आहे. तो तिनं तिच्या वेळेला आम्हाला ऐकवला.

मधल्या रिकाम्या वर्षांत काय करायचं? वर सांगितलंच: नावांच्या वाटेनं जा. शिवाय सिंगलच्या दुसऱ्या बाजूची, अल्बममध्ये न आलेली गाणी शोधा. बहुतेक गायकांकडे अशी गाणी असतात, आणि त्यांत ते जास्त मोकळे असतात.

कार्यक्रमाला जाताना

केटनं 1979 मध्ये एकच दौरा केला. नाचत गाता यावं म्हणून तिच्या ध्वनितंत्रज्ञानं कपडे अडकवायच्या तारेच्या हँगरपासून डोक्याला बसणारा माइक बनवला होता. त्यानंतर पूर्ण लांबीचा कार्यक्रम थेट 2014 मध्ये, लंडनच्या हॅमरस्मिथ अपोलोत, बावीस रात्री. पस्तीस वर्षांनी. तेव्हा तिनं प्रेक्षकांना विनंती केली की फोटो आणि व्हिडिओ काढू नका. मला जाता आलं नाही. 2016 मध्ये त्याचं ध्वनिमुद्रण निघालं तेच माझ्याकडे आहे. पण ती विनंती मी माझ्यापुरता नियम करून टाकली. कुणाच्याही कार्यक्रमाला गेले की फोन पिशवीत. हात वर धरून पडद्यातून बघताना कान अर्धे बंद होतात, हे एकदा फोन ठेवून बघितलं की लगेच जाणवतं.

आणि कानाची काळजी घ्या. आयुष्यभर ऐकायचं तर कान आयुष्यभर पुरायला हवेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं 80 डेसिबलचा आवाज मोठ्या माणसानं आठवड्याला 40 तासांपर्यंत ऐकला तर चालतो; 90 डेसिबलला हीच मर्यादा चार तासांवर येते. मोठे कार्यक्रम सहज याच्या वर जातात. त्यामुळे इअरप्लग न्यावेत. संगीतासाठीचे खास प्लग मिळतात, त्यात सूर बोथट होत नाहीत, नुसती पातळी खाली येते. स्पीकरच्या तोंडाशी उभं राहू नका. कार्यक्रमानंतर कानात शीळ वाजत असेल तर पुढचे दिवस हेडफोन लावू नका, आणि ती थांबली नाही तर कानाच्या डॉक्टरांकडे जा.

जपणूक

हे थोडक्यात. एलपी नेहमी उभ्या ठेवाव्यात, आडव्या थप्पीत वाकतात. उन्हापासून आणि गरम यंत्रांपासून लांब. हाताळताना कडा आणि मधलं लेबल, एवढंच धरायचं. सीडी पुसायची तर मऊ कापडानं मधून कडेकडे सरळ, गोल गोल नाही. कॅसेट लोहचुंबकापासून आणि स्पीकरपासून दूर ठेवा आणि अधूनमधून शेवटपर्यंत वाजवून घ्या. घरी भरलेल्या सीडींवर भरवसा ठेवू नका, त्या वर्षांनी वाचल्या जात नाहीत. त्यातलं जे दुसरीकडे मिळत नाही ते आजच संगणकावर उतरवा, फ्लॅकसारख्या (FLAC) आवाजातलं काही न गाळणाऱ्या स्वरूपात, आणि दोन ठिकाणी ठेवा. सह्या, पोस्टर, तिकिटं जमवायची असतील तर जमवा, मात्र विकणाऱ्याकडे ती वस्तू कुठून आली हे विचारल्याशिवाय सही घेऊ नका. खोट्या सह्यांचा सुळसुळाट आहे.

नवे लोक येतात तेव्हा

2022 मध्ये एका मालिकेत ‘हाउंड्स ऑफ लव’मधलं ‘रनिंग अप दॅट हिल’ वाजलं आणि 1985 मध्ये तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलेलं ते गाणं सदतीस वर्षांनी ब्रिटनमध्ये पहिलं आलं. एकाएकी सोळा-सतरा वर्षांची मुलं केट बुश ऐकू लागली. जुन्या फॅनपैकी काहींना राग आला, मला विलक्षण आनंद झाला. माझी भाची एक दिवस हेडफोन काढून म्हणाली, ‘मावशी, हिची अजून गाणी आहेत?’ मी किती वर्षं या प्रश्नाची वाट बघत होते!

अशा वेळी आपल्याला माहीत असलेलं सगळं समोरच्यावर ओतू नये. तिला जे गाणं आवडलंय त्याच अल्बमची पहिली बाजू द्यावी, दुसरीबद्दल काही बोलू नये. ‘खरे फॅन पहिल्या अल्बमपासून ऐकतात’ वगैरे तर चुकूनही म्हणू नये. तिनं आपणहून विचारलं की पुढचं सांगावं. भाचीनं पंधरवड्यानं विचारलं की त्या अल्बमच्या शेवटी शेवटी कसले विचित्र आवाज आहेत, कुणीतरी पाण्यात आहे का. मग तिला बसवलं, शफल बंद केलं, आणि सहाव्या गाण्यापासून लावलं. ती काय म्हणते ते ऐका, तुमची वही तिच्यासमोर लगेच काढू नका. तिला बेस आधी ऐकू येईल, किंवा ढोल, किंवा तुम्हाला इतक्या वर्षांत न दिसलेलं काहीतरी. ते तिच्याच शब्दांत तुमच्या वहीत तारीख घालून लिहून ठेवा.